माझ्या पेशीतला लमाण

परवा रामबागेत एका मुंजीला गेले होते. पंगतीत शेजारच्या मावशींनी, मग समोरच्या वहिनींनी, आणि मग हात धुताना आणखी एकीने, तिघींनी तोच प्रश्न विचारला, "अगं तुझं ते रक्ताचं काय निघालं शेवटी?" आणि मी तिन्ही वेळा "काही नाही हो, रक्त लवकर थांबत नाही एवढंच" म्हणून विषय मिटवला, कारण खरं उत्तर द्यायला पाऊण तास लागतो आणि तेवढ्यात जिलेबी गार होते. म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच टाकावं, आता कोणी विचारलं की सरळ लिंक पाठवायची.

लहानपणी माझा घोळणा फुटायचा. सगळ्यांचाच फुटतो म्हणा, इंदूरच्या मे महिन्यात लू चालली की गल्लीत एखादं पोर नाक धरून बसलेलं दिसायचंच, पण बाकीच्यांचा पाच-दहा मिनिटांत थांबायचा आणि माझा आपला चालूच. आजी मला ओट्यावर उताणी झोपवायची, डोक्यावर माठातलं पाणी, कांदा फोडून नाकाशी, आणि मग अंगणातल्या दूर्वा वाटून फडक्यातून रस पिळून नाकात दोन-दोन थेंब. गणपतीच्या वाट्याच्या दूर्वा हिलाच लागतात असं दादा चिडवायचा. (उताणं झोपवायचं नसतं, पुढे वाकून बसायचं आणि नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून ठेवायचा, हे मला पस्तिशी उलटल्यावर कळलं. तोपर्यंत किती रक्त गिळलं असेल देव जाणे.) निदान घरच्या घरी झालेलं होतं, हिच्यात उष्णता आहे. त्यामुळे आंबा बंद, गूळ बंद, उन्हाळाभर सब्जा आणि गुलकंद. माझ्या वाटणीचे निम्मे आंबे दादाने खाल्लेत, याचा हिशोब अजून बाकी आहे.

पुढे पाळी सुरू झाली तर दहा-दहा दिवस. हिमोग्लोबिन सातावर. लोहाच्या गोळ्या दिल्या आणि "बायकांचं असतं हे" असं सांगितलं, ते सांगणाऱ्यापण बायकाच होत्या.

एकोणिसाव्या वर्षी अक्कलदाढ काढली. सकाळी अकराला काढली, कापसाचा बोळा दाबून घरी आले, आणि रात्री आईने दिवा लावला तर उशीचा अभ्रा पूर्ण लाल. दुसऱ्या दिवशी परत गेले, टाके घातले. तिसऱ्या दिवशी टाक्यांच्या वर काळ्या जेलीसारखी एक गाठ आली, जिभेला लागायची, आणि तिच्या कडेने रक्त झिरपतच होतं. दाताच्या डॉक्टरांनी मलाच झापलं, गुळण्या केल्या असशील, स्ट्रॉने काहीतरी प्यायली असशील. मी काही केलं नव्हतं. पण एकोणिसाव्या वर्षी आपण कुठे भांडतो, मी सॉरी म्हणून आले.

मग लग्न, मग मुलगी. बाळंतपणात रक्त थांबेना, चार पिशव्या रक्त चढवावं लागलं, आणि तेव्हा पहिल्यांदा कोणाच्या तरी डोक्यात आलं की हिचं रक्त तपासा. तपासलं तर फॅक्टर आठ, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रोटीनांपैकी एक, कमी. झालं, "हिमोफिलियाच्या कॅरियर आहात" असं लिहून दिलं. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, काय उपयोग. पण पुढची बारा वर्षं मी तो कागद लॅमिनेट करून फाइलमध्ये पहिल्या पानावर ठेवला होता आणि प्रत्येक डॉक्टर तो वाचून "अच्छा अच्छा" म्हणून पुढे जायचा. माझी तक्रार चुकीच्या निदानाबद्दल तितकी नाहीये, निदान एकदा चुकू शकतं. बारा वर्षं एकानेही तो कागद उलटून पाहिला नाही याचा मला राग आहे.

नंतर पित्ताशयात खडे झाले. ऑपरेशनच्या आधी सर्जनने नेहमीच्या तपासण्या सांगितल्या, त्यात पीटी आणि एपीटीटी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, या दोन्हींत रक्ताचा पातळ भाग काचेच्या नळीत घेतात, त्यात ठरलेलं रसायन टाकतात आणि गोठायला किती सेकंद लागतात ते मोजतात, बस. माझा एपीटीटी आला ६४ सेकंद, जिथे ३० च्या आसपास यायला हवा. आणि पीटी आला १९, जिथे १२ हवा. सर्जन म्हणाले मी हात लावणार नाही, आधी रक्ताच्या डॉक्टरांना दाखवा.

त्या डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा लहान होत्या, नुकत्याच बाहेरून शिकून आलेल्या. त्यांनी लॅमिनेट केलेला कागद वाचला, मग नवीन रिपोर्ट वाचला, मग परत कागद. आणि स्वतःशीच पुटपुटल्या, "आठ कम है तो पीटी क्यूं बढ़ा है?"

हा एक प्रश्न. बारा वर्षं कोणी विचारला नव्हता.

त्यांनी रिपोर्टच्या पाकिटावर पेनाने वाय अक्षर काढून दाखवलं. रक्त गोठतं ते एका साखळीने, एक फॅक्टर दुसऱ्याला जागं करतो, दुसरा तिसऱ्याला. या साखळीला दोन वाटा आहेत आणि त्या पुढे एका चौकात मिळतात. एपीटीटी एका वाटेने चालत जाऊन चौक पार करतो, पीटी दुसऱ्या वाटेने. फॅक्टर आठ हा एपीटीटीच्या वाटेवर चौकाच्या आधी बसलेला आहे, म्हणून नुसता आठ कमी असेल, म्हणजे हिमोफिलिया ए असेल, तर एपीटीटी लांबतो आणि पीटी अगदी नॉर्मल येतो. माझे दोन्ही लांबले होते. म्हणजे चौकात किंवा चौकाच्या पुढेपण काहीतरी कमी आहे. मग त्यांनी माझा प्लाझ्मा, म्हणजे तोच रक्ताचा पातळ भाग, आणि चांगल्या माणसाचा प्लाझ्मा निम्मा-निम्मा मिसळून परत वेळ मोजायला लावली, ती बरोबर आली. याचा अर्थ माझ्या रक्तात कोणी फॅक्टरांना मारत नाहीये, नुसता मालच कमी आहे, दुसऱ्याचा मिसळला की भागतं. मग एकेक फॅक्टर मोजला. फॅक्टर आठ १८ टक्के, ते माहीतच होतं. आणि फॅक्टर पाच १३ टक्के. पाच बसतो बरोबर चौकात.

आणि मग पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, "मम्मी-पापा आपस में रिश्तेदार हैं क्या?"

बाबा बाहेर बाकावर बसले होते. मी म्हटलं हो, आई त्यांची सख्खी मामेबहीण.

आता खरी गंमत इथून आहे, म्हणजे मला तरी गंमत वाटली, घरच्यांना वाटत नाही. फॅक्टर पाचचा जीन आहे क्रोमोसोम एकवर. फॅक्टर आठचा आहे एक्स क्रोमोसोमवर. पाच तयार होतो लिव्हरच्या मुख्य पेशींत, आठ तयार होतो रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींत, त्यातही जास्त लिव्हरमधल्याच. दोघांची गावं वेगळी, कारखाने वेगळे. मग दोघंही एकाच वेळी एकाच माणसात कमी कसे? हे कोडं माझ्या जन्माच्या खूप आधीपासूनचं आहे. १९५४ मध्ये स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी दोन सख्ख्या भावांबद्दल लिहिलं, दोघांनाही पाच आणि आठ दोन्ही कमी. पहिल्यांदा वाटलं असेल योगायोग, दोन वेगळे आजार एका घरात आले. पण मग अशी घरं सापडत गेली आणि बहुतेक ठिकाणी आईवडील नात्यातले. १९८० मध्ये एक थिअरी आली की या लोकांच्या रक्तात पाच आणि आठला खाणारं प्रोटीन सी मोकाट सुटलंय, त्याला आवरणारं दुसरं प्रोटीन कमी आहे. ऐकायला फार पटण्यासारखी, कारण प्रोटीन सी खरंच या दोघांनाच निकामी करतं. पण नंतर रुग्णांत ते आवरणारं प्रोटीन मोजलं तर व्यवस्थित निघालं, थिअरी गेली.

सगळे रक्तातच शोधत होते, आणि रक्तात काही बिघडलेलंच नव्हतं.

तिकडे १९८८ मध्ये, परत स्वित्झर्लंडमध्येच, बासेलला, पेशींचा अभ्यास करणाऱ्या लोकांना एक प्रोटीन सापडलं. त्यांना आजाराशी देणंघेणं नव्हतं, ते पेशीच्या आतल्या एका मधल्या जागेवर खूण म्हणून काहीतरी शोधत होते. पेशीत प्रोटीन तयार होऊन पहिल्यांदा जमा होतात त्या जाळ्याला ईआर म्हणतात, पुस्तकी मराठीत आंतर्द्रव्यजालिका, आणि तिथून पुढे ते जातात गॉल्जीकडे, म्हणजे पेशीतल्या पॅकिंगच्या जागेकडे, जे कॅमिलो गॉल्जीने १८९८ मध्ये घुबडाच्या मेंदूतल्या पेशींत पाहिलं होतं. (घुबडच का, ते विचारू नका, पण मला फार आवडतं हे.) या ईआर आणि गॉल्जीच्या मधे एक थांबा आहे, त्याला एर्गिक म्हणतात, आणि तिथे सापडलेल्या प्रोटीनचं वजन ५३ किलोडाल्टन म्हणून त्याचं नाव ठेवलं एर्गिक-५३. दहा वर्षं ते प्रोटीन तसंच, पेशीवाल्यांच्या दुनियेत. मग १९९८ मध्ये अमेरिकेत मिशिगनच्या डेव्हिड गिन्सबर्ग यांच्या लॅबने मध्यपूर्वेतल्या ज्यू कुटुंबांचा अभ्यास करून पाच-आठवाल्या आजाराचा जीन शोधला, क्रोमोसोम १८ वर, आणि तो जीन निघाला याच एर्गिक-५३ चा. रक्ताचा आजार, आणि बिघाड रक्ताच्या कुठल्याच प्रोटीनमध्ये नाही. बिघाड मालाच्या वाहतुकीत.

या जीनचं आजचं नाव एलमॅन-१. एल म्हणजे लेक्टिन, मॅन म्हणजे मॅनोज नावाची साखर पकडणारं. माझं सँपल बाहेरगावी पाठवलं होतं, महिन्याने रिपोर्ट आला, दोन्ही कॉपी बिघडलेल्या. बाबांनी चष्मा लावून तो कागद डोळ्यांजवळ धरला आणि इंग्रजी अक्षरं जुळवत वाचलं, "एल, एम, ए, एन... लमाण?"

मी हसायला लागले आणि मग हसता हसता थांबलेच. कारण यापेक्षा चांगलं नाव ठेवता आलं नसतं.

ज्यांना लमाण माहीत नाहीत त्यांच्यासाठी, आमच्याकडे हिंदीत बंजारे म्हणतात ते. रेल्वे आणि ट्रक नव्हते तेव्हा बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य, मीठ मुलखामुलखांतून नेणारे, शेकड्याने बैल असलेले तांडे. लमाण हा शब्दच लवणावरून आला, मिठावरून, असं सांगतात. फौजांना धान्य पोचवायचे ते हेच. आणि माझे बाबा स्वतः लोहामंडीत एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे ३१ वर्षं मुनीम. बिल्टी फाडणं हे त्यांचं काम, कार्बन पेपर घालून तीन कॉप्या, एक माल पाठवणाऱ्याला, एक गाडीबरोबर, एक ऑफिसात. त्यामुळे माझ्या आजाराचं जे स्पष्टीकरण मला डॉक्टरांकडून निम्मं समजलं होतं ते पूर्ण समजलं बाबांच्या उलटतपासणीत, कारण या माणसाला मालवाहतुकीबद्दल काही पण सांगून चालत नाही.

त्यांचा पहिला प्रश्न, लमाण गाडीत असतो का गोदामात?

तर तो भिंतीत असतो. म्हणजे खरंच. ईआरच्या पडद्यात हे प्रोटीन आरपार रुतून बसलेलं असतं. एकूण ५१० अमिनो ॲसिडं (प्रोटीनच्या माळेतले मणी म्हणा), त्यातला मोठा भाग आतल्या बाजूला, जिथे माल आहे, आणि पडद्याच्या बाहेर फक्त १२ अमिनो ॲसिडांची शेपटी. आतलं डोकं माल पकडतं, बाहेरची शेपटी गाडीवाल्यांशी बोलते. गाडी म्हणजे काय तर पडद्याचाच एक फुगा, बाहेरून कॉप-टू नावाच्या प्रोटीनचं आवरण येऊन बसतं, पडदा वाकतो, फुगा सुटतो, आणि त्यात रुतलेला लमाण हातातल्या मालासकट निघतो. ही गाडी कशी भरते कशी सुटते हे पहिल्यांदा यीस्टमध्ये उलगडलं, म्हणजे जिलेबीचं पीठ ज्याच्यामुळे आंबतं त्यात, रँडी शेकमन यांनी कॅलिफोर्नियात, आणि त्याबद्दल २०१३ चं नोबेल त्यांना आणखी दोघांबरोबर मिळालं. पोहे-जिलेबीच्या शहरात या गोष्टीचं जेवढं कौतुक व्हायला हवं होतं तेवढं झालं नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा प्रश्न, माल ओळखतो कसा, बिल्टी कुठे चिकटवलेली असते?

बिल्टी साखरेची असते. फॅक्टर पाच आणि आठ ही दोन्ही अगडबंब प्रोटीनं आहेत, दोन हजारांच्या वर अमिनो ॲसिडं प्रत्येकी, रचना पण एकमेकांसारखी, आणि दोघांच्या मधल्या भागावर साखरेच्या साखळ्याच साखळ्या लटकलेल्या. त्यात मॅनोज असतं, लमाण ते मॅनोज पकडतो. इथे आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, "म्हणजे तुला शुगरपण आहे?" नाही गं आई, ती साखर वेगळी. पुढचे पंधरा दिवस तरीही माझ्या चहात साखर कमी पडत होती.

बाबांना पटलं नाही. साखर तर पुष्कळ प्रोटीनांवर असेल, मग सगळाच माल हा का नाही उचलत? अगदी बरोबर प्रश्न, मला याचं उत्तर डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारावं लागलं. लमाण एकटा नसतो. त्याच्याबरोबर एमसीएफडी-२ नावाचं एक छोटं प्रोटीन असतं, त्याचा शोध त्याच लॅबने २००३ मध्ये लावला. ते पडद्यात रुतलेलं नसतं, मोकळं असतं, लमाणाचा हात धरून असतं म्हणून टिकतं, लमाण नसेल तर ते पेशीतून वाहूनच जातं. आणि पाच-आठ ओळखण्यात या छोट्याचा मोठा हात आहे. बाबा लगेच, "म्हणजे क्लीनर." हो, क्लीनर. ड्रायव्हरला दिसत नाही ते क्लीनरला दिसतं हे ट्रान्सपोर्टमधलं जुनं सत्य आहे म्हणे. या आजाराच्या साधारण ७० टक्के घरांत लमाण बिघडलेला असतो आणि बाकी बहुतेकांत क्लीनर, आणि बाहेरून दोन्ही आजार सारखेच दिसतात, कारण दोघांपैकी एक नसला तरी गाडी हलत नाही.

मग माल उतरवतो कसा? कॅल्शियमवर. ईआरमध्ये कॅल्शियम भरपूर असतं, तिथे लमाणाची आणि क्लीनरची पकड घट्ट. पुढच्या थांब्यावर गेलं की तिथली हवा वेगळी, आम्लता थोडी जास्त, कॅल्शियम कमी, पकड सुटते, माल पुढे गॉल्जीकडे जातो आणि लमाण मोकळा होतो. हमाल नाही, क्रेन नाही, नुसती जागा बदलली की हात आपोआप उघडतो. मला हा भाग सगळ्यात सुंदर वाटतो. बाबांना नाही वाटला. त्यांचा सगळा जीव पुढच्या गोष्टीत अडकला.

ती अशी, की त्या १२ अमिनो ॲसिडांच्या शेपटीची शेवटची चार आहेत लायसिन, लायसिन, फिनाइलअलानिन, फिनाइलअलानिन. त्यातली शेवटची दोन म्हणजे जायचं तिकीट, ती कॉप-टूच्या गाडीला दिसतात. त्याआधीची दोन लायसिनं म्हणजे यायचं तिकीट, ती कॉप-वन नावाच्या उलट्या दिशेच्या गाडीला दिसतात. चार अक्षरांत रिटर्न जर्नी. माल उतरला की लमाण कॉप-वनने परत ईआरमध्ये, परत नवीन माल, परत तिकडे, जन्मभर.

"आणि वापसीत काय आणतो?"

काही नाही. रिकामा येतो.

बाबांनी चष्मा काढला. "खाली वापसी?" ३१ वर्षं ज्या माणसाने वापसीचा माल मिळावा म्हणून रात्री दहा-दहापर्यंत फोन फिरवले, मुंबईहून गाडी रिकामी आली तर दोन दिवस ज्याचं जेवणात लक्ष नसायचं, त्याला हे सहन होण्यासारखं नव्हतंच. "लमाण कधी रिकामे फिरले नाहीत," ते म्हणाले, "जाताना मीठ, येताना धान्य. हा कसला लमाण." डिझेल कोण भरतं असंही विचारलं. (ते खरंच पेशी भरते, एनर्जी लागतेच. बाबा म्हणाले वाटलंच.)

तर माझ्या पेशींत हा लमाण नाही. माल बनतोय, अगदी उत्तम बनतोय, पाचपण आठपण, काहीही दोष नाही त्यांच्यात. गोदामात पडून आहे. मग १३ आणि १८ टक्के तरी बाहेर कसा आला? तर गाडी सुटताना गोदामाच्या दारात जो काय माल गर्दीत उभा असतो त्यातला थोडा ढकलला जाऊन चढतोच, बिनबिल्टीचा. म्हणून या आजारात दोन्ही फॅक्टर सहसा शून्य होत नाहीत, ५ ते ३० टक्क्यांच्या मधे कुठेतरी रेंगाळतात, आणि म्हणून मी घोळणा, दाढ, पाळी, बाळंतपण असं सगळं करून चाळिशीपर्यंत धडधाकट पोचले. बिनबिल्टीच्या मालावर.

लमाण आणखीही काही प्रोटीनं वाहतो असं प्रयोगांत दिसलंय, पण ती बाकीची दुसऱ्या वाटेने आपलं भागवून घेत असावीत, कारण माझ्यासारख्यांना रक्त सोडून दुसरा काही त्रास होत नाही. दहा लाखांत एखाद्याला होणारा आजार, असं सांगतात. नात्यात लग्नं होतात तिथे जास्त.

आता त्या नात्याबद्दल. रिपोर्ट आला त्या संध्याकाळी आई काही बोलली नाही, पोळ्या केल्या, वाढल्या, आणि मग ओटा पुसताना माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "म्हणजे आमच्यामुळेच." आमच्या घरात आई-बाबांच्या लग्नाबद्दल कोणाला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. मामाची मुलगी करायची ही तर पद्धतच. बाबा सासऱ्यांना शेवटपर्यंत मामाच म्हणायचे, आणि मला लहानपणी वाटायचं सगळ्यांचेच सासरे मामा असतात. मी आईला समजावलं की बाई गं, बिघडलेली एक कॉपी तुझ्यात आहे, एक बाबांत, तुम्हाला दोघांना काही त्रास नाही कारण चांगली कॉपी शिल्लक आहे, मुलात दोन्ही बिघडलेल्या एकत्र यायची शक्यता चारात एक, दादाला नाही आल्या, मला आल्या, हा सारीपाट आहे. तिने ऐकून घेतलं. तरी दुसऱ्या दिवशी खजराण्याच्या गणपतीला जाऊन आली ते आलीच, कशाबद्दल ते सांगितलं नाही.

बैठकीत पणजोबा-पणजींचा एक फोटो आहे, धारला काढलेला, पणजोबा पगडी घालून खुर्चीत आणि पणजी शेजारी उभी. बाबांची आई आणि आईचे वडील ही त्यांची मुलं. म्हणजे या दोघांपैकी कोणा एकाकडे ती बिघडलेली कॉपी होती, ती मुलीकडेपण गेली आणि मुलाकडेपण, आणि दोन पिढ्या वेगवेगळ्या घरांत फिरून माझ्यात येऊन भेटली. मी हल्ली सोफ्यावर बसून फोटोकडे बघते आणि ठरवायचा प्रयत्न करते, कोण. कधी वाटतं पणजोबा, कधी वाटतं पणजी. दोघंही कॅमेऱ्याकडे असे बघतायत जसं काही त्यांनी उधारी चुकवलीये.

लेक माझी नववीत आहे, तिला एक बिघडलेली कॉपी माझ्याकडून गेलेलीच आहे, त्यात शक्यता वगैरे काही नाही, पण तिचा बाबा आमच्या नात्यातला नाही त्यामुळे तिचं ठीक आहे. तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात गॉल्जीचं चित्र आहे, एकावर एक ठेवलेल्या चपट्या पिशव्या, आणि खाली लिहिलंय की इथून माल पॅक होऊन रवाना होतो. ईआर ते गॉल्जी मधे नुसता एक बाण. तिने पेन्सिलने त्या बाणावर एक बैल काढलाय.

उपायाबद्दल पण सगळ्या विचारतात म्हणून लिहिते. हा लमाण गोळीने येत नाही. जेव्हा गरज असेल, ऑपरेशन, दाढ, अपघात, तेव्हा बाहेरून माल आणायचा. फॅक्टर आठ बाटलीत मिळतो कारण हिमोफिलियावाल्यांना लागतो. फॅक्टर पाच असा वेगळा मिळत नाही, त्यासाठी ताजा गोठवलेला प्लाझ्माच चढवावा लागतो. आठ शरीरात साधारण बारा तासांत निम्मा होतो, पाच जरा दमदार आहे, दीड दिवस. त्याशिवाय ट्रानेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या, पाळीत आणि दातांच्या कामात फार उपयोगी, आणि ही गोष्ट मला सोळाव्या वर्षी कोणी सांगितली असती तर कॉलेजची तीन वर्षं मी पांढरा सलवार-सूट घालू शकले असते. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन बंद. दंडात-कमरेत इंजेक्शन शक्यतो नाही. पर्समध्ये एक चिठ्ठी असते, आजाराचं नाव, रक्तगट, डॉक्टरीणबाईंचा नंबर. ती बाबांनी लिहिलीये, कार्बन घालून, तीन कॉप्या. एक माझ्याकडे, एक नवऱ्याच्या पाकिटात, एक ऑफिस कॉपी म्हणजे आईच्या देवघरात.

पित्ताशयाचं ऑपरेशन मग झालं. सकाळी आठला घेणार होते आणि त्याआधी प्लाझ्माच्या पाच पिशव्या लागणार होत्या. प्लाझ्मा उणे तीस डिग्रीला दगडासारखा गोठवलेला असतो, पिशवी हातातून निसटली तर फुटू शकते, आणि चढवायच्या आधी ३७ डिग्रीच्या पाण्यात हळूहळू वितळवावी लागते, घाई चालत नाही. वितळल्यावर रंग पातळ केलेल्या साजूक तुपासारखा. मी वर वॉर्डात सुई लावून पडलेले, घड्याळात सव्वासहा, पिशव्यांचा पत्ता नाही. नवरा खाली-वर करून दमला. दादा म्हणाला बाबा कुठेत?

बाबा पहाटे पाचपासून ब्लड बँकेच्या खिडकीशी उभे होते. चष्मा नाकावर, हातात पेन, आणि घरून आणलेल्या वहीत पाचही पिशव्यांचे नंबर, गट, वजन ओळीने लिहून पुढे सहीची जागा सोडलेली. दादाने व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाईल मला दाखवला. त्यात बाबांची पाठ दिसत होती, खिडकीत वाकलेली, आणि आतल्या पोऱ्याला ते विचारत होते, "भिया, अपना माल निकला क्या?"